आधी दोघींचं, मग एकटीचं

“तुम्ही नोकरी कुठली करत होता?” असं कुणी विचारलं की मी सांगते, “मुलं मोजायचे.” समोरचा हसतो. म्हातारी चेष्टा करतेय असं त्याला वाटतं. पण त्यात खोटं काही नाही. आधी सरकारी आरोग्यकेंद्रात आणि निवृत्तीनंतर अनाथ बाळांच्या संस्थेत मी नर्स होते, आणि माझा बराचसा जन्म मुलांना तोलण्यात आणि मोजण्यात गेला. भाजीवाली वांगी तोलते, मी बाळं तोलली. फरक एवढाच की वांगी तोलताना अंगावर मुतत नाहीत.

बाळ वाढतंय की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. रोज बघणाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून मोजायचं. वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची उंची घेत नाहीत, लांबी घेतात, कारण ते सरळ उभं राहत नाही. लाकडी पाटीवर त्याला निजवायचं, डोकं एका फळीला टेकवायचं, गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळपायांना आणून भिडवायची. मग तो आकडा कागदावरच्या आलेखात एका टिंबानं मांडायचा. टिंबं जोडली की रेघ होते. ती रेघ वर चढत गेली पाहिजे. आडवी पडली की मी पुन्हा पुन्हा मोजायचे, मग ते बाळ माझं असो की परक्याचं.

आरोग्यकेंद्रात असताना मी वाड्यावस्त्यांवर शिबिरं घेत हिंडले. तिथं एक अडचण कायमची. बाळाला वजनकाट्यात ठेवलं की ते असा टाहो फोडायचं, पाय झाडायचं, की काट्याला सुधरायचं नाही. मग आम्ही मोठ्या माणसांचा काटा काढायचो. आई बाळाला घेऊन त्याच्यावर उभी राहायची. तो आकडा घ्यायचा. मग बाळ कुणाकडे तरी देऊन आई एकटी उभी राहायची. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला की बाळाचं वजन हातात. “आधी दोघींचं, मग एकटीचं,” असं मी ओरडून सांगायचे, कारण बाया लाजून पळायच्या. “सिस्टर, माझं मोठ्यानं वाचू नगा हां,” म्हणायच्या. कितीतरी बायांची वजनं अजून माझ्या पोटात आहेत, एकीचंही फोडलेलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा आम्ही दौंडलाच स्थायिक झालो होतो. यजमान रेल्वेत गार्ड. त्यांची ड्यूटी सुटली, माझी सुटली, आणि दोघं एका घरात दिवसभर समोरासमोर. काही दिवसांतच ते म्हणाले, “तू कुठंतरी कामाला जा बाई, मला जगू दे.” त्याच सुमारास ढवळे साहेबांचा निरोप आला. भीमा ओलांडून मांडवगणच्या बाजूला, उसाच्या रानात, त्यांची बाळांची संस्था होती. त्यांना अनुभवी नर्स हवी होती.

ढवळे साहेब रांजणगावच्या एका कंपनीत उत्पादन खात्याचे मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. आपली जमीन देऊन, चार मित्रांना गळ घालून त्यांनी ही संस्था उभी केली होती. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चालणं असं की मागून कुणीतरी शिट्टी वाजवतंय. माणूस देवासारखा, पण देव शिफ्टमध्ये काम करणारा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बाळांचा हॉल दाखवायला नेलं. दारात चपला काढल्या, हात धुतले. आत फरशी आरशासारखी. खाटल्यांच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ. फिनेलचा वास, वर पंख्याची घरघर. मी म्हटलं, “छान आहे हो. पण बाळं कुठायत?”

“ही काय!” साहेब अभिमानानं म्हणाले.

मी पुढं झाले. प्रत्येक खाटल्यात बाळ होतं. झोपलेलं एकही नव्हतं. सगळी टक्क जागी, सगळी गप्प. आडवी पडून पंख्याकडे बघत होती.

“बघितलंत सिस्टर? एवढी मुलं, पण आवाज नाही. पाहुणे थक्क होतात.”

मीही थक्क झाले. शिबिरांतला तो किंचाळणारा बाजार आयुष्यभर ऐकलेली मी, मला वाटलं, वा, याला म्हणतात व्यवस्था!

व्यवस्था खरोखरच चोख होती. साहेबांनी कंपनीतली लाइन जशीच्या तशी इथं आणली होती. प्रत्येक मावशीला एक काम. एक आंघोळ घालणारी, तिनं सगळ्यांना आंघोळ घालायची. एक बाटल्यांची, तिनं सगळ्यांना दूध द्यायचं. एक लंगोट बदलणारी. एक भरवणारी. बाळ या हातातून त्या हातात पुढं सरकायचं. हात थोडे, बाळं जास्त, म्हणून बाटली उशाशी घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून ठेवायची, बाळ आपलं आपण ओढायचं. बाटलीवाली मावशी तोवर पुढच्या खाटल्याशी. कुणाचं दूध चुकायचं नाही, कुणाच्या बुडाला पुरळ यायचं नाही. हगवण जवळपास माहीतच नव्हती. सरकारी तपासणीला आलेली माणसं आमची पाठ थोपटून जायची.

आणि एक नियम होता. कुठल्याही बाळाला अंगाला लावून घ्यायचं नाही. एकच बाळ सारखं उचलायचं नाही. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण तो मायेपोटीच केलेला होता. संस्थेच्या सुरुवातीला एका मावशीनं एका बाळाला फार जीव लावला. ते दत्तक गेलं. बाळ रडून रडून आजारी पडलं आणि मावशीनं अंथरूण धरलं. साहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. “परत कुणाच्या वाट्याला ते नको,” म्हणून त्यांनी नियम घातला. त्यानंतर आमची बाळं दत्तक जाताना एकही रडलं नाही. नवीन आईनं हात पुढं केले की सरळ जायची, मागं वळूनसुद्धा न बघता. सगळे म्हणायचे, किती शहाणी लेकरं!

फक्त माझ्या आलेखातल्या रेघा काही शहाण्यासारख्या वागत नव्हत्या. जेवढं पोटात जात होतं त्या मानानं त्या चढत नव्हत्या. आमची बाळं उशिरा मान धरायची, उशिरा पालथी पडायची, उशिरा बसायची. मी मनाची समजूत घालायचे, की जन्मतःच कमी वजनाची, कुणाकुणाच्या पोटी उपाशी वाढलेली, त्यांना वेळ लागणारच.

पण छबी आली आणि ती समजूत मोडली. छबी जन्मल्यापासून आमच्याकडे. तिच्या आईनं रीतसर कागद करून तिला आमच्या स्वाधीन केलं होतं. जन्मली तेव्हा वजन चांगलं. म्हणजे पुढं जे काही बिघडलं त्यासाठी बोट दाखवायला दुसरं घर नव्हतं. दीड वर्षाची होत आली तरी ती रांगेना. बसवलं तर बसायची, निजवलं तर निजायची. एकटी असली की मान या बाजूनं त्या बाजूला, या बाजूनं त्या बाजूला हलवत राहायची, इतकी की मागचे केस झिजून गेले होते. हाक मारली तर बघायची नाही. खुळखुळा हातात दिला तर धरायची, काढून घेतला तर हात तसाच उघडा. आणि वजनाची रेघ कित्येक महिने जमिनीला समांतर.

मी काय केलं नाही? नाचणीचं सत्त्व, भातात तूप, अंड्याचा बलक, गूळ-शेंगदाण्याचं कूट. ती तोंडात घातलेलं सगळं गिळायची, एकदाही थुंकली नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, क्षयाची तपासणी झाली, थायरॉइडची झाली. सगळं व्यवस्थित. मी चिडून म्हणायचे, “मग खाल्लेलं जातं कुठं हिचं?”

दर महिन्याला दौंडहून बालरोगतज्ज्ञ यायचे. शांत, हसऱ्या स्वभावाचे डॉक्टर. हिवाळ्यात त्यांनी छबीला बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, “सिस्टर, जूनमध्ये मी पुन्हा नीट बघतो. तेव्हाही असंच असेल तर हिला विशेष मुलांच्या संस्थेत पाठवायची शिफारस करावी लागेल. तिथं तिला निदान व्यायाम आणि उपचार मिळतील.” ते चूक बोलत नव्हते. पण ती संस्था लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. आणि तिकडं गेलेल्या मुलाला घर मिळाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. छबी तिकडं गेली असती तर कायमचीच गेली असती. जूनला फार महिने उरले नव्हते, आणि माझ्याकडे द्यायला तुपाशिवाय काही नव्हतं.

उन्हाळा लागता लागता एका बाळाच्या पोटावर मला पाण्याचा फोड दिसला. कांजिण्या! संध्याकाळपर्यंत आणखी दोघांना. म्हटलं, झालं, आता कल्याण. अशा हॉलमध्ये कांजिण्या म्हणजे वाळल्या पाचटाला काडी. ज्या मावश्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या तेवढ्यांनाच आत ठेवलं, बाकीच्यांना घरी पाठवलं. ज्या राहिल्या त्यांनी घरी जायचं नाही, नाहीतर गावभर वाटत सुटायच्या. हॉल मोडला. ऑफिस, पाहुण्यांची खोली, धान्याची खोली, अर्धवट बांधलेली नवी इमारत, जिथं छप्पर असेल तिथं चार-पाच बाळं आणि एक मावशी, असं वाटून टाकलं. लाइनचा पार बोऱ्या वाजला. आंघोळही तिनंच घालायची, भरवायचंही तिनंच, रात्री कुशीत घ्यायचं तेही तिनंच.

मावश्यांनी आपले नियम वेगळे लावले. खाटल्याला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि स्वयंपाकघरात फोडणी बंद केली. घरात कांजिण्या असताना तडका द्यायचा नसतो. ढवळे साहेब एकदा जेवायला थांबले, पिवळं पाणी भातावर ओतून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, “सिस्टर, याला काही वैद्यकीय आधार?” मी म्हटलं, “नाही. पण त्या बाया आपलं घरदार सोडून इथं राहिल्यात. गुपचूप जेवा.” जेवले बिचारे.

छबीच्या वाट्याला ठकूबाई आल्या. ठकूबाई धनगराच्या. सासू-सासऱ्यांच्या काळात मेंढरं घेऊन कोकणात जायचं, आता वस्तीवर घर, थोडा कांदा, थोडी मेंढरं. संस्थेत त्यांचं काम कपडे धुण्याचं. बाळांच्या हॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आजही त्या तिथंच आहेत आणि आता कितीतरी मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढून गेलीत, पण तेव्हा मी छबीला पुढं केलं तर दोन पावलं मागं सरल्या.

“ही नगं वो मला. ही माणसाकडं बघतच न्हाई. भ्या वाटतं.”

“भ्यायला काय झालं? वाघ आहे का ती? धरा!”

“आन् धुणं कोण धुणार माझं?”

“धुणंही तुम्हीच धुणार. दुसरं आहे कोण?”

ठकूबाई बडबडत घेऊन गेल्या. त्यांच्या वाट्याची बाकीची तिघं थोडी मोठी, आपापली खेळणारी. छबीचं मात्र कठीण झालं. फोड खाजायला लागले आणि ती इतकी ओरबाडायची की रक्त काढायची. मी तिला हातमोजे घातले, ते तिनं ओढून टाकले. तेव्हा ठकूबाईंनी आपली युक्ती केली. जुन्या लुगड्याची झोळी करून छबीला पाठीशी बांधलं, हात आतल्या आत दाबून, म्हणजे खाजवायची सोय नाही. आणि त्या तशाच धुण्याला बसल्या. दगडावर दुपटी आपटताना छबी पाठीवर वरखाली. दोरीवर कपडे घालताना छबी बरोबर. भाकरी थापताना छबी बरोबर. ठकूबाईंच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. “गप ए भवाने, हालू नगंस. आता ह्यो झगा कुणाचा? तुझा व्हय? तुझा हाय तर तू धू की.” छबीला काय कळणार? पण मी येता-जाता बघायचे, ठकूबाई बोलायला लागल्या की तिची मान हलायची थांबायची.

एके दिवशी दुपारी मी ऑफिसात एका बाळाला लोशन लावत होते आणि बाहेरून रडणं ऐकू आलं. आमच्याकडच्या प्रत्येक बाळाचं कुरकुरणं मला पाठ. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. घोगरा, मोठा, नुसता संताप भरलेला. माझ्या हातातली बाटली तशीच राहिली, मी पळाले.

धुण्याच्या दगडाशेजारी गोणपाटावर छबी बसली होती. तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा, आणि दोन्ही हात पुढं. ठकूबाई दोरीपाशी ओली दुपटी घेऊन उभ्या, घाबरून गेलेल्या.

“म्या काय केलं न्हाई वो सिस्टर! जरा सोडली, आन् दुपटी वाळत घालाया हितवर आले, तर भोंगाच लावला तिनं. काय चावलं का बघा.”

मी बघितलं. काही चावलं नव्हतं. ठकूबाईंनी येऊन उचललं तर रडणं जागच्या जागी बंद. परत खाली ठेवलं तर परत भोंगा. मी तिथंच गोणपाटावर बसले. दीड वर्षाची पोर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गेलं म्हणून रडली होती! आजवर ती का रडली नाही ते मला त्या उन्हात बसून उमगलं. रडून कुणी येतं हेच तिला माहीत नव्हतं. आणि आम्ही पाहुण्यांना ती शांतता दाखवत होतो.

खपल्या गळाल्या. मी वजनं घ्यायची ठरवली. आजारातून उठलेलं बाळ उतरतंच, त्यामुळे मन घट्ट करून बसले होते. पहिलं बाळ ठेवलं, वजन वाढलेलं. म्हटलं, चुकलं असेल. दुसरं, तेही वाढलेलं. तिसरं, चौथं, सगळी वर! मी काट्याला दोन थपडा मारल्या. स्वयंपाकघरातून साखरेची न फोडलेली पिशवी मागवली आणि काट्यात ठेवली. काटा बरोबर दाखवत होता. मग लाकडी पाटी काढली. काटा एक वेळ बिघडेल, लाकडी पाटी कशी बिघडेल? बाळं लांबीनंही वाढली होती. तापात, फोडांत, फोडणी नसलेल्या डाळीवर वाढली होती.

छबीला शेवटी ठेवलं. तिची आडवी रेघ, कित्येक महिन्यांची मेलेली रेघ, तिनं मान वर केली होती. मी टिंब काढलं आणि कागद उजेडात धरून पुन्हा बघितलं. आजवर इतकी बाळं मोजली, पण जे डोळ्यांसमोर घडत होतं ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. खाणं तेच, दूध तेच, हवा तीच. आणि हाडं वाढत होती! माणसाच्या हाताची ऊब हाडांपर्यंत पोचते हे मी याआधी कुणाकडून ऐकलं असतं तर म्हटलं असतं, कीर्तनात सांग जा.

साहेबांना बोलावून घेतलं. ते फाटकातच थबकले. आतून नुसता गलका येत होता.

“सिस्टर, हा काय बाजार भरलाय?”

“आधी आत या, मग बोला.”

मी सगळे आलेख मांडले. ते पायरीवर बसले आणि कंपनीतला बिघाड शोधावा तसे एकेक प्रश्न विचारायला लागले. दुधाची पावडर बदलली? नाही. औषध नवीन? नाही. खाणं वाढवलं? तेच, उलट फोडणी गेली. पाणी? तेच. काटा? साखरेची गोष्ट सांगितली. समोर ठकूबाई पाठीला छबी बांधून झगे पिळत होत्या. साहेबांची नजर तिकडं गेली.

“म्हणजे फक्त हात बदलले,” ते म्हणाले. “सारखे बदलणारे हात एक झाले.” मग चष्मा काढून पुसत बसले. “अहो, शॉपफ्लोअरवर मीच सांगायचो, की एका मशीनला एकच ऑपरेटर ठेवा. त्याला मशीनचा आवाज कळतो. रोज माणूस बदलला की मशीन खराब होतं. लोखंडाचं कळत होतं मला, सिस्टर. मग हे कसं नाही सुचलं?”

मलाही सुचलं नव्हतंच की.

त्याच आठवड्यात साहेबांनी मावश्यांची बैठक घेतली. आता लाइन नाही. प्रत्येक मावशीची चार बाळं, त्यांचं सगळं तिनंच बघायचं. बाटली टेकवायची नाही, मांडीवर घेऊनच पाजायची. हात कमी पडतात म्हणून आणखी मावश्या घ्यायच्या, पैशाचं ते बघतील. सगळ्या खूश झाल्या. ठकूबाई तेवढ्या पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

“साहेब, एक इचारू? पोरं वाढतील, ब्येस झालं. पण ती जातील तवा आमचं काय?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. जुना नियम कशासाठी होता ते त्या बाईनं एका वाक्यात सगळ्यांपुढं ठेवलं होतं.

“ठकूबाई,” साहेब शेवटी म्हणाले, “याचं उत्तर माझ्याकडं नाही.”

ठकूबाईंनी मान डोलावली. “मग ऱ्हाऊ द्या. आपलं इचारलं.” आणि छबीला घेऊन धुण्याला निघून गेल्या.

पुढचे महिने संस्थेत कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. एक बाई दरवर्षी मुलाच्या वाढदिवसाला केक घेऊन यायच्या. त्या फुगे घेऊन आत आल्या तर बाळांनी आपापल्या मावशीला मिठ्या मारून एकच आकांत केला. बाई रुसल्या. “सिस्टर, बिघडवलीत हो मुलं. आधी कशी कुणाकडंही यायची!” मी म्हटलं, “हो ना, आता आपली-परकी कळायला लागली. केक इथं ठेवा.” बाई पुढच्या वर्षी आल्या नाहीत. केक मात्र चांगला होता.

जूनमध्ये डॉक्टर आले. छबी आता धरून उभी राहत होती, पण पाऊल काही टाकलं नव्हतं. तेवढ्यावर भागेल का? ठकूबाईंनी तिला तेल लावून, पावडर फासून, काजळाची तीट लावून आणलेली. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि छबीनं संस्था डोक्यावर घेतली. ठकूबाईंच्या मानेत तोंड खुपसलं ते काढेचना. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, कार्टे, आजच?

डॉक्टर मात्र खुर्चीत मागं रेलून बघत होते. त्यांनी खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि दुसरीकडं बघत बसले. जरा वेळानं छबीनं एक डोळा बाहेर काढला. किल्ल्या बघितल्या. मग वर ठकूबाईंच्या तोंडाकडं बघितलं.

“घे की,” ठकूबाई म्हणाल्या.

छबीनं झडप घातली. डॉक्टर उठून उभेच राहिले. “सिस्टर, पाहिलंत? तिनं विचारलं! आपल्या माणसाला डोळ्यांनी विचारलं, घेऊ का म्हणून.” ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. “हिला कुठंही पाठवायची गरज नाही. ही इथंच वाढू दे.”

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात मनसोक्त रडले. या वयात लाज कसली!

छबी चालली ती श्रावणात. धुण्याच्या दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, पलीकडून ठकूबाईंची बडबड ऐकू येत होती, माणूस दिसत नव्हतं. छबी दगडाला धरून उभी होती. तिनं दगड सोडला, हात पसरले, आणि डुलत डुलत ओल्या चादरीत शिरली ती थेट पलीकडं निघाली. ठकूबाईंच्या हातातला पिळा खाली पडला. त्यांना ओरडायचंही सुधरलं नाही. दिवाळीपर्यंत पोरीला दोनदा झगे मोठे शिवावे लागले. माझी रेघ तर अशी सुटली होती की मला कागदाला कागद जोडावासा वाटायचा.

चांगल्या वाढणाऱ्या मुलीला घर मिळायला वेळ लागत नाही. सांगलीकडचं जोडपं होतं, दोघंही शिक्षक, साधी माणसं. आधी चार-पाचदा येऊन राहिली, छबीशी खेळली, तिच्या हातचा मार खाल्ला. आज छबी तिकडं शाळेत आहे आणि वर्गाच्या फोटोत तिला मागच्या रांगेत उभं करतात म्हणे, उंच म्हणून. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

न्यायचा दिवस उजाडला. कागदांवर शेवटचं वजन लिहावं लागतं. सगळे ऑफिसात जमलेले, गाडी बाहेर उभी. मी बाळांच्या काट्याकडं छबीला नेऊ लागले तर तिला वास लागला. पोरांना कसा लागतो देव जाणे. ठकूबाईंच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेना. जी कधी काळी काट्यावर न हलता निजायची ती हीच पोर, लाथा झाडत होती.

“ऱ्हाऊ द्या सिस्टर,” साहेब हळूच म्हणाले. “अंदाजे लिहा.”

आयुष्यात कधी अंदाजे लिहिलं नाही, आता कशी लिहू? कोपऱ्यात मोठ्या माणसांचा, काटा फिरणारा वजनकाटा होता. मी तो ओढून मध्ये आणला. शिबिरातली सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं, “आधी दोघींचं, मग एकटीचं.”

ठकूबाई छबीला घेऊन वर चढल्या. छबी त्यांच्या खांद्यावर शांत झाली. काटा थांबला. मी आकडा लिहिला.

आता छबीला कुणाकडं तरी द्यायचं होतं. ठकूबाईंनी खोलीभर बघितलं. माझ्याकडं, साहेबांकडं. मग नव्या आईकडं वळल्या आणि छबीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. छबीनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघितलं, किल्ल्यांच्या वेळी बघितलं होतं तसंच.

“जा की,” ठकूबाई म्हणाल्या.

त्या आईनं तिला घेतलं. छबी रडायला लागली, मोठ्यानं, घोगरं, सगळ्या संस्थेला ऐकू जाईल असं. ठकूबाई रिकाम्या हातांनी काट्यावर सरळ उभ्या राहिल्या, नजर समोरच्या भिंतीवर. मी वाकून बघितलं. काटा थांबत नव्हता. इकडून तिकडं, तिकडून इकडं, नुसता थरथरत होता.

“ठकूबाई,” मी म्हटलं, “हलू नका.”

“न्हाई हालत, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचा.”